डहाणू-तलासरीचे पाच पिनकोड आणि कापरेकरांचे गणित

तलासरीला जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर ४०१६०६ हा आकडा असतो. डहाणू गावाचा पिनकोड ४०१६०१, डहाणू रोडचा ४०१६०२, कासाचा ४०१६०७ आणि चिकूच्या वाड्यांसाठी नावाजलेल्या घोलवडचा ४०१७०२. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशात लागू झाली. तिच्यातला पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपालाच्या छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. हे आकडे ठरवताना टपालाच्या सोयीखेरीज दुसरा विचार झालेला नाही आणि गणितज्ञाला खूश करण्याचा तर नाहीच नाही. म्हणूनच एका जुन्या वादाची तपासणी करायला ते उत्तम आहेत. एखादी मोठी पूर्ण संख्या ‘ओळखली’ असे कधी म्हणावे? ती कोणत्या संख्यांच्या गुणाकाराने बनली हे कळल्यावर, की ती लिहिल्यावर तिचे अंक आपसात कसे वागतात हे कळल्यावर? गणिताच्या विद्यापीठीय परंपरेने पहिल्या प्रश्नाला मान दिला आणि दुसऱ्याला करमणुकीच्या सदरात टाकले. या दुसऱ्या प्रश्नासाठी ज्यांनी आयुष्य वेचले ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी याच डहाणूत जन्मले. अंकांच्या गुणधर्मांचे कारण शोधत गेले की आपण संख्येच्या मूळ घडणीपाशीच पोचतो, त्यामुळे हे दोन प्रश्न वेगळ्या पंगतीला बसवणे चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. ते या पाच आकड्यांवरच पडताळून पाहू.

आधी घडण पाहू. ४०१६०६ ही सम संख्या आहे, तेव्हा तिचे दोन बाहेर काढले की २००८०३ उरते. तिला कशाने भाग जातो ते पाहायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४४८ पर्यंतच्या मूळ संख्या पुरेशा असतात, कारण दोन अवयवांपैकी एक तरी वर्गमुळाहून मोठा नसतोच. तीन, सात, अकरा, तेरा असे करत पुढे जावे. प्रत्येक वेळी काहीतरी बाकी उरते आणि १५७ ला येऊन भाग निःशेष जातो. भागाकार येतो १२७९, आणि तीही मूळ संख्याच आहे. म्हणजे तलासरीचा पिनकोड २ × १५७ × १२७९. याच रीतीने डहाणू गावाचा ३ × २६३ × ५०९ आणि डहाणू रोडचा २ × ११३ × १७७७ असा फुटतो. कासाच्या आकड्यात ३ दोनदा येतो, ३ × ३ × ४४६२३. घोलवडच्या आकड्यात ७ दोनदा येतो, २ × ७ × ७ × ४०९९. पहिल्या तिन्ही संख्या तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनल्या आहेत. अशा संख्यांचा स्वतंत्र वर्ग मानतात आणि त्यांना ‘स्फेनिक’ म्हणतात. वर्ग एकदा ठरला की बरीच माहिती फुकट मिळते. स्फेनिक संख्येला विभाजक नेमके आठच असतात, ना कमी ना जास्त. कासाच्या संख्येला सहा विभाजक, घोलवडच्या संख्येला बारा. स्वतः संख्या वगळून तिच्या विभाजकांची बेरीज केली तर पाचही ठिकाणी ती संख्येपेक्षा कमी भरते. तलासरीसाठी ती २,०५,११४ येते. त्यामुळे पाचही संख्या ‘न्यून’ या वर्गात बसतात. बेरीज बरोबर संख्येएवढी झाली असती तर ती ‘परिपूर्ण’ ठरली असती. ६ आणि २८ या तशा संख्या आहेत.

या ओळखीचे बळ असे की ती लिपीवर किंवा लेखनपद्धतीवर अवलंबून नाही. ४०१६०६ वस्तूंची रास कोणत्याही भाषेत, कोणत्याही चिन्हांत मोजली तरी तिचे १५७ समान वाटे होणारच. आपल्या पाच आकड्यांत तीन स्फेनिक संख्या सापडणे हा चमत्कारही नाही. दहा लाखांच्या आत अशा २,०६,९६४ संख्या आहेत, म्हणजे साधारण पाचातली एक. खुद्द मूळ संख्या तिथे ७८,४९८ आहेत. वर्गीकरणाने तलासरीला कोणताही मान मिळाला नाही, पण ती संख्या संख्यांच्या विश्वात कुठे बसते हे नेमके कळले. वर्गीकरणाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

आता दुसऱ्या ओळखीकडे वळू. कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. त्यांचे साधन होते कागद, पेन्सिल आणि शाळकरी मुलाला येणाऱ्या चार क्रिया. त्यांनी संख्यांसाठी नव्या चाळण्या तयार केल्या. त्यांतून चाळल्यावर ज्या संख्या वर राहतात त्यांचे वर्ग केले, त्यांना नावे दिली आणि स्वतःच्या छोट्या पुस्तिकांतून ते छापत राहिले. आपल्या पाच आकड्यांना यांतल्या चार चाळण्या लावून पाहता येतात.

पहिली चाळणी ‘हर्षद’ संख्यांची. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला तर ती हर्षद. घोलवडच्या ४०१७०२ या आकड्यातल्या अंकांची बेरीज १४ होते, आणि ४०१७०२ ला १४ ने भागले तर नेमके २८६९३ येतात. घोलवड या चाळणीतून पार पडते, बाकीची चार गावे पडत नाहीत. का पडत नाहीत हे मात्र भागाकार न करताही सांगता येते. डहाणूच्या अंकांची बेरीज १२ आहे आणि संख्या विषम आहे. बारात दोन दडलेले असल्याने विषम संख्येला बाराने भाग जाणे शक्यच नाही. कासाची बेरीज १८, अडचण तीच. डहाणू रोडची बेरीज १३ आणि तलासरीची १७. या दोन्ही मूळ संख्या असून त्या त्या आकड्याच्या अवयवांत त्या नाहीत. घोलवडच्या बेरजेतले २ आणि ७ मात्र त्याच्या अवयवांत हजर आहेत. हर्षद असणे म्हणजे अंकांच्या बेरजेचे सारे मूळ अवयव संख्येच्या मूळ अवयवांत किमान तितक्या वेळा सापडणे. म्हणजे पहिल्याच चाळणीत अंकांच्या वागण्याचा प्रश्न घडणीशी येऊन भिडला. हा वर्ग पुढे अमेरिकेत आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ मधील व्याख्यानानंतर ‘निव्हेन संख्या’ या नावानेही अभ्यासला गेला. दहा लाखांपर्यंत अशा ९५,४२८ संख्या आहेत, पण जसजसे वर जावे तसतसे त्यांचे प्रमाण शून्याकडे झुकते, हे रॉबर्ट केनेडी आणि कर्टिस कूपर यांनी सिद्ध केले. सलग वीस हर्षद संख्या सापडू शकतात, सलग एकवीस कधीच नाहीत, हेही कूपर आणि केनेडी यांनीच १९९३ मध्ये दाखवले. ‘कधीच नाहीत’ असे ठामपणे सांगता येणे हे मोजणीचे काम नव्हे, त्यासाठी सिद्धता लागते.

दुसरी चाळणी ‘देवळाली’ संख्यांची, म्हणजे स्वयंभू संख्यांची. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवावी, की नवी संख्या जन्मते. ४०१५८४ मध्ये तिच्या अंकांची बेरीज २२ मिळवली की ४०१६०६ येते. तेव्हा ४०१५८४ ही तलासरीच्या आकड्याची जनक. डहाणूचा जनक ४०१५७७, डहाणू रोडचा ४०१५८२, घोलवडचा ४०१६७७. ज्या संख्येला जनकच नाही ती स्वयंभू. कासाचा पिनकोड ४०१६०७ स्वयंभू आहे. हा दावा हजारो संख्या तपासून पाहावा लागेल असा वाटतो, पण तीनच संख्या पाहून तो सिद्ध होतो. जनक असलाच तर तो ४०१६०७ च्या थोडा खाली असणार, आणि त्या पट्ट्यात अंकांची सर्वांत मोठी बेरीज ४०१५९९ ची, म्हणजे २८ आहे. शिवाय नवाने भागल्यावर संख्येची बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी सारखीच असते. ४०१६०७ ला नवाने भाग जातो, म्हणून जनकालाही नवाने भाग जायला हवा. मग जनकाच्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ यांपैकीच काहीतरी असणार. बेरीज ९ धरली तर जनक ४०१५९८ हवा, पण त्याची बेरीज २७ आहे. १८ धरली तर जनक ४०१५८९ हवा, त्याचीही बेरीज २७. २७ धरली तर जनक ४०१५८० हवा, आणि त्याची बेरीज १८. हवी ती बेरीज दर वेळी हुकते, म्हणून कासाच्या आकड्याला जनक नाही. अशा संख्या अनंत आहेत, आणि कितीही वर गेले तरी त्यांचे प्रमाण शून्यावर येत नाही, हे झानिएर यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले. हर्षद संख्या विरळ होत जातात आणि स्वयंभू संख्या दहात एकाहून किंचित कमी या प्रमाणात टिकून राहतात. अंकांच्या बेरजेवरच उभ्या असलेल्या दोन वर्गांची वाट अशी फुटते आणि त्या फुटण्यामागे गणिती कारण आहे.

तिसरी क्रिया कापरेकरांच्या नावाने जगभर गेली. चार अंकी संख्या घ्यावी, अंक सगळे सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करावी आणि उत्तरावर तेच पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या सदरात लिहिल्यावर ते सर्वदूर पसरले. सहा अंकी पिनकोडवर हीच क्रिया केली तर चित्र बदलते. तलासरीचे अंक लावून ६६४१०० मधून ००१४६६ वजा केले की ६६२६३४ येतात, त्यातून ४३१७६६, आणि तिसऱ्याच पायरीवर ६३१७६४. आता ७६६४३१ वजा १३४६६७ करावे, पुन्हा ६३१७६४ येते, संख्या स्थिरावली. डहाणूचा आकडा मात्र ६३९९५४, ६५०८४४, ८२०८७२ असा आठ पायऱ्या चालून ४२०८७६ वर येतो आणि तिथून सात संख्यांच्या फेऱ्यात अडकतो: ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. डहाणू रोड, कासा आणि घोलवड यांचीही गत तीच. घोलवड तर दुसऱ्याच पायरीवर ८४०८५२ ला, म्हणजे फेऱ्यात शिरते. शेजारी टेकलेल्या दोन तालुक्यांच्या आकड्यांचे मार्ग असे का वेगळे होतात?

कारण पहिल्या वजाबाकीतच दडलेले आहे. सहा अंक उतरत्या क्रमाने लावले की उत्तर तीन फरकांवरच ठरते: पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा या जोड्यांमधले फरक. पहिल्याला ९९९९९ ने, दुसऱ्याला ९९९० ने आणि तिसऱ्याला ९०० ने गुणून बेरीज केली की उत्तर मिळते. तलासरीसाठी हे फरक ६, ६ आणि ३. डहाणूसाठी ६, ४ आणि ०. पहिला फरक दुसऱ्याहून आणि दुसरा तिसऱ्याहून लहान असू शकत नाही, त्यामुळे असे त्रिकूट फार तर २२० प्रकारचे असते. म्हणजे दहा लाख संख्या पहिल्याच पायरीत २२० संख्यांवर येऊन बसतात, आणि मर्यादित संख्यांत पुढे पुढे चालत राहिले की कधीतरी आधीच्या जागी परत यावेच लागते. स्थिर संख्या किंवा फेरा येणारच, हे इतके साधे आहे. चार अंकांत ही त्रिकुटे नसून जोड्या असतात आणि शून्य-शून्याची जोडी सोडली तर त्या फक्त ५४. सगळ्या जोड्या हाताने तपासून ६१७४ ची सिद्धता पुरी करता येते. शिवाय ६१७४ मध्ये एक ३ आणि एक ६ योग्य जागी घातले की ६३१७६४ मिळते, पुन्हा तसेच केले की ६३३१७६६४, आणि हीसुद्धा स्थिर आहे. तलासरीचा आकडा ज्या संख्येवर थांबतो ती ६१७४ च्या कुळातली आहे, आणि ते कुळ अनंत आहे.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप गॉडफ्रे हॅरोल्ड हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलजी’ या पुस्तकात नोंदवला. ८७१२ ही २१७८ च्या, म्हणजे स्वतःच्या उलट्या रूपाच्या चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. चार अंकी संख्यांत असा गुणधर्म फक्त या दोहोंना आहे. अशी माहिती कोड्यांच्या सदराला शोभते, पण तिच्यातून दुसरे काही निघत नाही आणि म्हणून ती गंभीर गणित नव्हे, असे त्यांचे मत. श्रीनिवास रामानुजन यांना जगापुढे आणणाऱ्या गणितज्ञाचे हे मत हलक्यात घेता येत नाही. त्यांची कसोटीही मला मान्य आहे. जो गुणधर्म स्वतःपाशीच संपतो, ज्याच्यातून व्यापक नियम निघत नाही, तो किरकोळच. प्रश्न एवढाच की कापरेकरांचे गुणधर्म या कसोटीवर नापास होतात का. त्यांची चौथी चाळणी या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर देते.

कापरेकर संख्या अशी असते: २९७ चा वर्ग ८८२०९, उजवीकडचे तीन अंक तोडून ८८ आणि २०९ यांची बेरीज केली की पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; ५५ चेही तसेच. वरवर ही निव्वळ अंकांची गंमत दिसते. पण वर्गाचा डावा भाग हजारपट असतो, बेरीज करताना तो एकपटच धरला, म्हणजे त्याचे ९९९ पट आपण सोडून दिले. तेव्हा संख्येच्या वर्गातून संख्याच वजा केली तर उरलेल्याला ९९९ ने भाग गेला पाहिजे. दुसऱ्या शब्दांत, संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९९ ने भाग जायला हवा. लागोपाठच्या दोन संख्यांत सामाईक मूळ अवयव नसतो. ९९९ म्हणजे २७ × ३७. म्हणून २७ सगळाच्या सगळा एका संख्येत आणि ३७ सगळाच्या सगळा एका संख्येत जायला हवा. २९७ ला २७ ने भाग जातो आणि २९६ ला ३७ ने. ७०३ ला ३७ ने आणि ७०२ ला २७ ने. दोघांची बेरीज १००० येते तीही याच कारणाने. ४५ आणि ५५ ची बेरीज १०० येते, तिथे ९९ चे ९ आणि ११ असे वाटप झालेले असते. डग्लस इयानुच्ची यांनी २००० मध्ये हा संबंध पूर्ण सिद्ध केला: सर्व कापरेकर संख्या ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या अवयवांच्या वाटपातून मिळतात. त्यामुळे आपल्या पाच आकड्यांचा निकालही वर्ग न करता लागतो. अशा संख्येला नवाने भागले तर बाकी ० किंवा १ च उरायला हवी. डहाणूची बाकी ३, डहाणू रोडची ४, तलासरीची ८, घोलवडची ५. कासाची शून्य आहे खरी, पण सहा अंकी वाटणीसाठी ९९९९९९ मधला ७ कुठेतरी बसायला हवा आणि तो ना ४०१६०७ मध्ये आहे, ना ४०१६०६ मध्ये. हार्डींच्या कसोटीला लागणारा व्यापक नियम तो हाच. अंकांचे खेळणे वाटणारी गोष्ट अवयवांचे प्रमेय निघाली.

दुसरा आक्षेप असा की हे सारे दहाच्या पायावर अवलंबून आहे. माणसाच्या दोन्ही हातांना मिळून आठ बोटे असती तर घोलवड हर्षद राहिले नसते, मग हा संख्येचा गुणधर्म कसा? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. पाया बदलला की उत्तर बदलते, कारण मात्र बदलत नाही. दशमान पद्धतीत नऊची कसोटी चालते ती दहातून एक वजा केल्यावर नऊ राहतात म्हणून. बाराचा पाया घेतला तर तीच कसोटी अकराची होईल. पाया विषम असेल तर संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही एकाच वेळी सम किंवा विषम असतात, त्यांची बेरीज नेहमी सम येते आणि म्हणून प्रत्येक विषम संख्या आपोआप स्वयंभू ठरते. पायाला दोष द्यायचा तर तो प्रश्नातच घ्यावा. मग प्रश्न अधिक मोठा आणि अधिक खोल होतो. कापरेकर संख्यांचे प्रमेय दोनच्या पायात लिहिले तर ९९९ च्या जागी ७, १५, ३१, ६३ अशा संख्या येतात, म्हणजे दोनच्या घातातून एक वजा केलेल्या. २८ चा वर्ग ७८४; ६४ च्या हिशेबाने तो बारा चौसष्ट आणि वर सोळा, आणि १२ + १६ = २८. परिपूर्ण संख्या २८ ही दोनच्या पायात कापरेकर संख्या आहे, ६ सुद्धा आहे, आणि प्रत्येक सम परिपूर्ण संख्या तशी असते हे शाळेच्या बीजगणितानेही सिद्ध होते. युक्लिडच्या काळापासून ज्यांचा शोध चालू आहे त्या संख्यांशी देवळालीच्या मास्तरांची व्याख्या अशी जाऊन मिळते. तलासरीच्या आकड्यातला १२७९ इथे पुन्हा भेटतो. दोनचा १२७९ वा घात वजा एक ही ३८६ अंकी मूळ संख्या आहे. ती राफाएल रॉबिन्सन यांनी १९५२ मध्ये एका सुरुवातीच्या संगणकावर शोधली. तिच्यापासून ७७० अंकी परिपूर्ण संख्या तयार होते, आणि दोनच्या पायात तीसुद्धा कापरेकर संख्याच.

तिसरा आक्षेप या लेखावरच घेता येईल. भरपूर चाळण्या लावल्या की प्रत्येक संख्या कुठल्या ना कुठल्या चाळणीत विशेष ठरतेच. तलासरीत १२७९ सापडला म्हणून त्याला महत्त्व का द्यायचे? हे म्हणणे योग्य आहे आणि त्यासाठीच अपयशी चाचण्याही वर सांगितल्या आहेत. पाचातील चार आकडे हर्षद नाहीत, चार स्वयंभू नाहीत, एकही कापरेकर संख्या नाही. दहात एक या प्रमाणाच्या दोन वर्गांत पाचातून एकेक आकडा बसणे यात नवल काहीच नाही. १२७९ तिथे योगायोगाने आला. पण परिपूर्ण संख्या दोनच्या पायात कापरेकर संख्या असतात, यात योगायोग नाही. ते प्रमेय आहे आणि पिनकोड बदलले तरी ते तसेच राहील. नुसता शोध लागणे आणि त्याला कारण सापडणे यांतला फरक नेमका इथे दिसतो. संख्येच्या वर्गीकरणाचा कस तिने किती वर्गांत हजेरी लावली यावर ठरत नाही. वर्गात असण्या-नसण्याचे कारण सांगता आले की ते वर्गीकरण खरे.

याच मापाने कापरेकरांचे सारे काम सारख्या तोलाचे ठरत नाही, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवे. ६१७४ सारखी सर्वांना सामावणारी एकच संख्या दशमान पद्धतीत फक्त तीन आणि चार अंकांसाठी मिळते. तीन अंकांत ती ४९५ आहे. पाच अंकांत सारे फेरेच, आणि सहा अंकांत तलासरी व डहाणू यांच्यासारखी फाटाफूट. प्रिचेट, लडिंग्टन आणि लापेन्टा यांनी १९८१ मध्ये या स्थिर संख्यांचा प्रश्न पूर्ण सोडवला. तेव्हा ६१७४ हा मोठा सिद्धांत नव्हे, तो मर्यादित आकारामुळे घडलेला एक सुंदर अपवाद आहे. कापरेकर संख्या आणि स्वयंभू संख्या यांची मुळे त्याहून खोल जातात. पण कोणाचे मूळ किती खोल आहे हे खणून पाहिल्याशिवाय ठरवता येत नव्हते, आणि खणण्याजोगी जागा दाखवण्याचे काम देवळालीत झाले. १९८६ मध्ये कापरेकर गेले. त्यांनी केलेल्या व्याख्यांवर प्रमेये सिद्ध करणाऱ्यांत पुढे अनेक देशांतले व्यावसायिक गणितज्ञ आले. चांगला प्रश्न विचारणे हेही गणितच आहे, याला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही.

डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना या सगळ्यातून फार मोलाची गोष्ट मिळू शकते, कारण इथे प्रयोगशाळा लागत नाही, महागडी उपकरणे लागत नाहीत. सहावी-सातवीच्या मुलाला आपल्या गावाचा पिनकोड पाठ असतो, भागाकार येतो, वजाबाकी येते. त्याला ६१७४ ची जादू दाखवून टाळ्या घेणे सोपे आहे आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबले जाते. तिथे थांबलो तर हार्डींचा आक्षेप आपणच खरा करतो. वजाबाकी झाल्यावर ‘उत्तराला दर वेळी नवाने भाग का जातो’ हे विचारावे, कासाला जनक का नाही ते तीन संख्यांत मुलांकडून काढून घ्यावे, घोलवड हर्षद आहे हे कळल्यावर डहाणू का नाही याचे उत्तर भागाकार न करता मागावे. अवयव, बाकी आणि सिद्धता या तीन कल्पना मुलाच्या हाती याच वाटेने येतात, आणि त्याच तर संख्या-सिद्धांताचा पाया आहेत. कापरेकरांचा जन्म डहाणूत झाला याचा अभिमान त्यांच्या नावाच्या फलकापेक्षा वर्गात विचारलेल्या या ‘का’मधून अधिक खरा ठरेल.